कुराणपठणाची वेळ

कुराणाचे पठण दिवसाच्या कोणत्या प्रहरी करावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु रात्रपाळी करून पहाटे घरी परतणारा कामगार किंवा चूल आणि तान्हे मूल यांतून उसंत न मिळणारी गृहिणी यांना तो तसा वाटत नाही. आपले पठण कमी प्रतीचे तर ठरत नाही ना, ही रुखरुख त्यामागे असते.

खुद्द कुराणात याविषयी निर्देश आढळतात. सतराव्या अध्यायातील 78 व्या वचनात पहाटेच्या पठणाचा खास उल्लेख असून, ते साक्षीचे पठण होय असे म्हटले आहे. त्या समयी रात्रीच्या व दिवसाच्या देवदूतांची पाळी बदलते आणि दोघेही ते ऐकतात, असा त्याचा परंपरागत अर्थ. त्र्याहत्तरावा अध्याय रात्री उठून सावकाश, सुस्पष्ट पठण करावयास सांगतो. कारणही तेथेच दिले आहे : रात्रीचे उठणे मनावर अधिक ठसते, वाणी अधिक नेमकी होते, दिवसा माणसामागे कामांचा व्याप असतो. ब्राह्ममुहूर्त मानणाऱ्यास किंवा पहाटेपूर्वी स्तोत्रे म्हणणाऱ्या ख्रिस्ती मठवासीयास हे कारण सहज पटावे.

1277 साली निवर्तलेले सीरियातील विद्वान इमाम नववी यांनी पठणाच्या शिष्टाचारांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्या मते नमाजातील पठण सर्वांत श्रेष्ठ. एरव्ही रात्र उत्तम, त्यातही तिचा उत्तरार्ध. सूर्यास्ताच्या व रात्रीच्या नमाजांमधला काळही चांगला. दिवसा मात्र पहाटेच्या नमाजानंतरची वेळ सर्वांत इष्ट. तथापि कोणतीही वेळ त्यांनी वर्ज्य मानलेली नाही. सूर्योदय, माध्यान्ह व सूर्यास्त या क्षणी ऐच्छिक नमाज टाळतात. तो निर्बंध पठणास लागू नाही. या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.

त्र्याहत्तराव्या अध्यायाचे शेवटचे वचन तर आजारी, प्रवासी आणि उपजीविकेसाठी हिंडणारे यांची आठवण ठेवून, सोपे जाईल तेवढेच पठण करा, असे सांगते. रात्री पठण करताना झोपेने जीभ अडखळू लागली तर आडवे व्हावे, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये नमूद आहे. मशिदीत मोठ्याने पठण करून एकमेकांस त्रास देऊ नये, असेही त्यांनी बजावले होते. शेजारी निजला असता पहाटेचा आवाज किती चढवावा, याचा बोध त्यातून होण्यासारखा आहे.

हिशेबही अवघड नाही. कुराणाचे 30 भाग आहेत. मदिनेत छापल्या जाणाऱ्या प्रचलित प्रतीत एक भाग सुमारे 20 पृष्ठांचा असतो. पाचही नमाजांनंतर चार चार पृष्ठे वाचली की महिन्यात एक पारायण पुरे होते. रात्रपाळीवाल्याला पहाटेची नमाज आटोपून, निजण्यापूर्वीची चार पृष्ठे सर्वांत निवांत मिळतात, आणि नववींच्या क्रमाप्रमाणे दिवसाची इष्ट वेळ नेमकी तीच.