जागलीचे सामान पारखून घ्या

तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि हरभऱ्याला घाटे धरले, की रानडुकरांचे कळप अन् रोही शेतात उतरतात. मग घरातला एक माणूस रोज रात्री जागलीला जातो. बियाणे घेताना आपण चार दुकाने फिरतो, पण जागलीचे सामान म्हणजे बाजारात रस्त्यावर मांडलेली बॅटरी, पायात झिजलेली चप्पल आणि खांद्यावर घोंगडी. एवढ्यावर माणूस अंधारात जातो.

बॅटरी घेताना उजेड किती लांब पडतो हेच सगळे पाहतात. दुकानात सगळ्याच बॅटऱ्या झगझगीत दिसतात हो! खरा प्रश्न पहाटे चार वाजता ती कितपत उजेड देते हा आहे. म्हणून नवी बॅटरी पूर्ण चार्ज करून घरीच एक रात्र सलग चालू ठेवा आणि किती तासांनी मंद होते ते घड्याळावर पाहा. आतला सेल बदलता येतो का, हेही विचारा. १८६५० नावाचा, बोटाएवढा जाड सेल हल्ली बऱ्याच बॅटऱ्यांत असतो. त्याची खरी क्षमता फार तर साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते. त्यावर ९९०० छापलेले दिसले, तर तो सेल खोटा समजा. शिशाची बॅटरी असलेला जुना टॉर्च उन्हाळाभर रिकामा पडून राहिला की आतून मरतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी चार्ज करावा. शक्य असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात.

साप बहुतेक वेळा पायालाच चावतो. त्यामुळे पोटरीपर्यंतचा गमबूट हा जागलीतला सर्वांत कामाचा खर्च, असे माझे मत आहे. दुकानात बुटाचा वरचा भाग दुमडून पाहा. घडीवर पांढरी रेघ उमटली किंवा बारीक चिरा दिसल्या, तर तो घेऊ नका. जाड मोजा घालूनच माप घ्या. फार सैल बूट ओलिताच्या काळ्या मातीत रुतून बसतो आणि पाय तेवढा बाहेर येतो. रात्री काढून ठेवलेला बूट पुन्हा घालताना उलटा करून झटकावा, आत विंचू बसलेला असतो.

आता झोपण्याचे. झोपडीत खाली पोते टाकून झोपणाऱ्याला मण्यारचा धोका मोठा. ती रात्री फिरते, तिचा चावा कित्येकदा कळतही नाही, सूजही फारशी येत नाही, आणि तोवर विष भिनत जाते. खाट किंवा मचाण हवेच, आणि त्यावर मच्छरदाणी. पण मच्छरदाणी अशी घ्या की चारही बाजूंनी गादीखाली खोचता येईल. नुसती लोंबती ठेवली तर साप आत येऊ शकतो. एवढे करूनही साप चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. १०८ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते. म्हणजे फोन चार्ज असणे हेही सामानातच आले.

काठी, शिट्टी, पत्र्याचा डबा यांबद्दल तुम्हाला मी काय सांगावे? फक्त पिल्लांसोबतच्या डुकरिणीमागे पिकात शिरू नका. आणि वाघाच्या पट्ट्यात एकट्याने जागल नकोच, तिथे कोणतेही सामान पुरत नाही.

कुंपणाचे मात्र स्पष्ट सांगतो. झटका मशीन बॅटरीवर चालते आणि साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका देते. जनावर दचकून पळते, मरत नाही. विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात सोडलेला करंट मात्र सलग असतो. तो सुटू देत नाही. त्यात डुकराआधी शेजारचा, नाहीतर घरचाच माणूस जातो. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने रानडुक्कर संरक्षित आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय मारणे गुन्हा ठरतो. झटका मशीन घेताना पक्के बिल आणि हमीपत्र मागा. जमिनीत अर्थिंगचा गज नीट ओल्या जागी खोल ठोकून घ्या. उन्हाळ्यात माती सुकली की तिथे बादलीभर पाणी ओतावे लागते, नाहीतर मशीन टिकटिकत राहते आणि तारेला झटका येत नाही.