एका अक्षराचा फरक आणि सिकलसेल

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द नवा नाही. तरीही मूल सांधे दुखून रडू लागले की कुणी बाहेरची बाधा म्हणतो, कुणी आईला दोष देतो. दोन्ही चूक. कारण जनुकात आहे.

प्रथिने कशी बनवायची याचा मजकूर डीएनएमध्ये असतो. त्यातील तीन-तीन अक्षरांचा प्रत्येक शब्द एकेक अमिनो आम्ल सांगतो. समजा, मजकूर आहे, 'मदन, कमळ उचल.' 'कमळ'चे 'कमल' झाले तरी अर्थ तोच. असा बदल बहुधा निरुपद्रवी असतो. 'उचल'चे 'उकल' झाले तर कामच बदलते. 'मदन'नंतरच पूर्णविराम पडला तर प्रथिन अर्धवट राहते. आणि 'क' गळला तर 'मदन, मळउ चल', म्हणजे पुढचे सारे निरर्थक.

सिकलसेल यातील दुसऱ्या प्रकारचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पण ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून वेदना, पेशी लवकर फुटतात म्हणून रक्तक्षय. याच जनुकात तिसऱ्या-चौथ्या प्रकारचे बदल झाले, तर बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो.

हा बदल टिकला कसा? एकच बदललेले जनुक असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. त्यात पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीतच लग्ने झाली, म्हणून काही समाजांत वाहक जास्त आढळतात. यात कमीपणा कसला?

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के. जनुक दोघांकडून येते. मग बोल एकट्या सुनेला का?

विद्राव्यता चाचणीने प्राथमिक अंदाज येतो. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून कळते. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याचे लग्न मोडू नका. रुग्णाने हायड्रॉक्सियुरियासारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, आणि ताप आला तर घरी थांबू नये.

पत्रिका राहू द्या, लग्नाआधी रक्त तपासा.