दर आठवड्याला तीच माणसं

बारामतीजवळच्या जळोचीत आमच्या भावकीतल्या एका थोरल्या चुलतभावाला सगळे 'गुंड्याभाऊ' म्हणतात. अंगानं आडवा, आवाजानं भरदार. कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला किंवा कुणाच्या बांधावर वाद पेटला, की हा बोलावण्याआधी हजर. हे नाव त्याला १९७८च्या सुमारास पडलं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पुण्याला मामांकडे गेलो होतो. मामांच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि त्याच्यासमोर सतरंजीवर अख्खा वाडा बसायचा. 'चिमणराव' ही मालिका चालू होती. पडद्यावर चिमणराव घाबरून उभे होते आणि दारातून गुंड्याभाऊ आत शिरले. मामांनी भावाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा बघा, आपल्यातला गुंड्याभाऊ!" सुटी संपली, आम्ही गावी परतलो, नाव मात्र त्याला कायमचं चिकटलं.

२८ ऑगस्ट २०२५ रोजी पडद्यावरचे गुंड्याभाऊ, बाळ कर्वे, वयाच्या ९५व्या वर्षी गेले. संध्याकाळी भाऊ ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या नावाचा धनी गेला." पुढच्या दोन महिन्यांत अशाच बातम्या येत राहिल्या. ३ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया राउटलेज गेल्या, २५ ऑक्टोबरला मुंबईत सतीश शाह आणि २७ ऑक्टोबरला लंडनमध्ये प्रुनेला स्केल्स. चौघांचा देश, भाषा, काळ एक नव्हता. पण चौघांनीही टीव्हीवरून दर आठवड्याला लोकांच्या घरी येऊन त्यांना हसवलं होतं. त्या निमित्तानं विनोदी मालिकांच्या पन्नास वर्षांचा मागोवा घ्यावासा वाटला.

या मालिकांची बांधणी साधी असते. घर ठरलेलं, माणसं ठरलेली, त्यांचे स्वभावही ठरलेले. अर्ध्या तासात एक अडचण येते, स्वभावापायी ती वाढत जाते आणि शेवटी सगळं पुन्हा होतं तिथं येतं. माणूस सुधारत नाही, म्हणून तो पुढच्या आठवड्यातही हवासा वाटतो. आपल्या आळीतली माणसं तरी कुठं बदलतात? चिडका काका चिडकाच राहतो आणि बढाईखोर मावशी बढाया मारतच राहते. आपण त्यांना त्यांच्या खोडीसकट आपलं मानलेलं असतं.

ब्रिटिशांनी ही कला फार मन लावून घडवली. 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ आणि १९७९ मिळून फक्त १२ भाग झाले. टॉर्कीतल्या एका हॉटेलच्या तऱ्हेवाईक मालकाला पाहून जॉन क्लीझनं बेसिल फॉल्टी रचला आणि कॉनी बूथबरोबर प्रत्येक भाग घासूनपुसून लिहिला. प्रुनेला स्केल्स यांची सिबिल ही त्या बेसिलची बायको. हॉटेल खऱ्या अर्थानं तीच चालवते. राउटलेज यांची हायसिंथ १९९० ते १९९५ या काळात 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मध्ये आली. तिचं आडनाव 'बकेट', पण ती सगळ्यांना ते 'बुके' असं उच्चारायला लावते. पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या कपबशा काढणारी आणि माहेरच्या गरीब नातलगांना दडवणारी ही बाई आपल्याकडंही कुठल्याही सोसायटीत भेटते.

याच ब्रिटिश मालिकांमध्ये महाराष्ट्रातलं एक गावही आहे, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते गाव म्हणजे नाशिकजवळचं देवळाली. जिमी पेरी हा लेखक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवळालीच्या छावणीत तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्यानं लिहिलेली 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात चालली. तिचे ५६ भाग झाले आणि सुरुवातीच्या भागांची कथा देवळालीच्या छावणीतच घडते. देवळालीचं नाव इंग्रजी भाषेत तर त्याआधीच शिरलं होतं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सैनिक तिथं महिनोन् महिने अडकायचे, कंटाळ्यानं आणि तापानं बेजार व्हायचे. 'देवळाली' आणि 'ताप' या दोन शब्दांवरून त्यांची एक म्हण तयार झाली आणि तिच्यातूनच वेडं होणं या अर्थाचा 'डूलॅली' हा शब्द इंग्रजीत रुळला.

ती मालिका आज पाहिली की दोन गोष्टी जाणवतात. सैनिकांची पात्रं जिवंत आहेत. विंडसर डेव्हिसचा गरजणारा सार्जंट मेजर विसरता येत नाही, कारण पेरीनं तसली माणसं जवळून पाहिली होती. पण छावणीतला रंगीराम हा बेअरर मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं तोंडाला तपकिरी रंग फासून केला. रंगीराम स्वतःला ब्रिटिशच समजतो आणि त्यावर हशा पिकतो. त्याच्या मनात काय चाललंय, हे मात्र मालिका कधी विचारत नाही. बीबीसी आता ही मालिका पुन्हा दाखवत नाही.

याच पेरी-क्रॉफ्ट जोडीची 'डॅड्स आर्मी' १९६८ ते १९७७ चालली आणि ब्रिटिश घरांत ती आजही आवडीनं पाहिली जाते. युद्धाच्या काळात गावाच्या राखणीसाठी जमलेली वयस्कर, हौशी मंडळी हा तिचा विषय. पोरसवदा वयात पेरी स्वतः अशाच होमगार्डमध्ये होता आणि त्यातलं पाइक हे भाबडं पोर त्यानं स्वतःवरूनच बेतलं. लेखणी तीच, विनोदाची जाणही तीच. एका ठिकाणी लेखक त्या माणसांच्या पंगतीत बसून हसत होता, दुसऱ्या ठिकाणी पंगतीबाहेर उभा राहून वाढप्यांना हसत होता. कुठलं पात्र टिकतं आणि कुठलं विटतं याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळं ते पुण्यात दिसू लागलं. १९७७मध्ये 'चिमणराव' आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पण ही माणसं टीव्हीनं जन्माला घातली नव्हती. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी ती कथांमधून कितीतरी आधी घरोघर पोहोचवली होती. बडोदा संस्थानात नोकरी करणारा पाली भाषेचा हा गाढा अभ्यासक मध्यमवर्गीय घरातल्या फजित्या अत्यंत मायेनं लिहायचा. १९४०च्या 'लग्न पहावं करून' या मास्टर विनायकांच्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते. म्हणजे दूरदर्शनवर आले तेव्हा चिमणराव मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचे होते.

चिंविंच्या कथांमध्ये गोष्ट सांगणारे चिमणराव आणि फजिती होणारेही चिमणरावच. मला त्यांचं मोठेपण इथंच दिसतं. या माणसाकडं बोट दाखवायला बाहेरचं कुणी लागत नाही. तो भित्रा आहे, भाबडा आहे, काऊला आणि मोरू-मैना-राघूला सांभाळताना त्याची तारांबळ उडते. पण त्याच्यात काडीचाही दुष्टपणा नाही. प्रभावळकरांनी तो बावळट दिसू दिला, हास्यास्पद होऊ दिला नाही. आणि कर्व्यांचा गुंड्याभाऊ आला की घराला आधार आल्यासारखं वाटायचं. पण त्या काळी चित्रणाच्या टेप महाग असायच्या, एकाच टेपवर पुन्हा पुन्हा चित्रण व्हायचं. बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी'चेही तीन भाग असेच कायमचे गेले. 'चिमणराव'चे थोडेच भाग आज पाहायला मिळतात, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

१९८४ साली 'ये जो है जिंदगी' आली तोवर जळोचीतही लोखंडी पायपांवर अँटेना दिसू लागल्या होत्या. सतीश शाह दर आठवड्याला नव्या वेशात यायचे आणि आता ते काय होऊन येणार यावर आम्ही पोरं पैजा लावायचो. १९८८मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून 'वागळे की दुनिया' आली. अंजन श्रीवास्तव यांचा वागळे हिंदी बोलत असला तरी त्याची काटकसर, त्याची भीड, त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला घरचाच वाटायचा.

मग ब्रिटिश मालिका थेट आपल्याकडं उतरू लागल्या. 'माइंड युअर लँग्वेज' (१९७७) या मालिकेत लंडनच्या रात्रवर्गात इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांच्या चुकांवर हसायचं होतं. १९९३मध्ये पंकज कपूर यांची भूमिका असलेल्या 'जबान संभाल के'नं तोच वर्ग उलटा फिरवला. शिकायची भाषा हिंदी झाली आणि बाकांवर मद्रास, पंजाब, गुजरात, महाराष्ट्र शेजारी शेजारी बसले. तिथंही माणसापेक्षा साचा मोठा होता, हे खरं. पण परक्यानं आपल्याला हसणं संपलं आणि आपण एकमेकांना हसू लागलो, एवढा फरक नक्की पडला.

२००१ हे साल मला या सगळ्या प्रवासात फार महत्त्वाचं वाटतं. 'यस मिनिस्टर'वरून बेतलेली 'जी मंत्रीजी' त्याच वर्षी आली. फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी त्यांचे सचिव. ही उसनवारी शोभली, कारण सरकारी फायलींचा कारभार ब्रिटिशांनी इथंच मागं ठेवला होता. त्याच वर्षी लंडनमध्ये 'द कुमार्स ॲट नंबर ४२' सुरू झाली. संजीव भास्कर आणि मीरा स्याल या भारतीय वंशाच्या कलावंतांनी आपल्याच घरातली आजी, आई, बाबा बीबीसीवर आणले. चाळिशीतल्या मीरा स्याल आजी झाल्या आणि ती आजी सगळ्यांना पुरून उरली. रंगीरामच्या तोंडावर जिथं रंग फासला होता, त्याच बीबीसीवर आता लेखणी आपल्या लोकांच्या हाती होती.

आणि त्याच वर्षी मराठीत 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आले. प्रभावळकरांनी 'लोकसत्ता'त लिहिलेल्या 'अनुदिनी' या सदरातून आणि केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनातून आबा टिपरे घडले. प्रभावळकरही पन्नाशीतच आजोबा झाले होते. शेखर कामावरून दमून येतो, श्यामला घर चालवते, शिऱ्या काहीतरी उपद्व्याप करून ठेवतो आणि आबा हे सगळं पाहून वहीत लिहितात. आबा कुणाला उपदेश करत नाहीत. ते चुकतात, रुसतात, लगेच खुदकन हसतात. चिमणरावांनंतर चोवीस वर्षांनी तोच नट, तीच माया.

आज विनोद कमी झालेला नाही. 'चला हवा येऊ द्या', 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांनी गावागावातले गुणी नट पुढं आणले आणि आमच्या घरातही ते आवडीनं पाहिले जातात. पण प्रहसन पंधरा मिनिटांत संपतं आणि पात्राचं घर मांडव उठल्यासारखं उठतं. मला ते घर पुन्हा उभं राहिलेलं पाहायचं आहे, आणि तेही बारामती-इंदापूरच्या भागात. इथं कालवा आहे, बाजार समितीची पहाट आहे, एमआयडीसीची पाळी सुटल्यावरची गर्दी आहे. जळोची आता नगरपरिषदेच्या हद्दीत आली, पण माणसं निम्मी गावची आणि निम्मी शहरची आहेत. चिंविंसारखं त्यांच्यात बसून लिहिणारं कुणीतरी हवं.

परवा भावाच्या नातवानं विचारलं, "आजोबा, तुमचं खरं नाव गुंड्याभाऊच आहे ना?" भावानं त्याला जवळ घेतलं आणि मोबाइलवर 'चिमणराव'चा एक जुना भाग लावून दिला. चित्र काळंपांढरं, आवाज खरखरीत. पोरगं आधी नुसतंच बघत होतं. मग गुंड्याभाऊ दारातून आत आले आणि पोरगं खळखळून हसलं. हसताना ते पडद्याकडं बघत नव्हतं, आजोबांकडं बघत होतं.