गिटारचा उडालेला टवका आणि रंगाचा मेळ

बहरीनमधील मराठी घरांत हल्ली पेटी-तबल्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली गिटारही दिसते. सदनिकेतील दाटीत ती कधीतरी कपाटाच्या कडेवर आपटते आणि रंगाचा टवका उडतो. मग त्याच नावाच्या रंगाची बाटली आणली जाते, रात्री दिव्याखाली हलक्या हाताने ठिपका लावला जातो आणि तो जुळल्याचे समाधानही मिळते. सकाळी खिडकीशी गिटार नेली की मात्र तोच ठिपका टिकलीसारखा उठून दिसतो.

याचे पहिले कारण असे की, डब्यावरचे नाव हे रंगाचे जन्मनाव असते. त्याचे आजचे रूप निराळे असते. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५० आणि १९६०च्या दशकांत मोटारींसाठी तयार होणारे रंगच आपल्या गिटारना दिले. ‘फिएस्टा रेड’ फोर्डच्या मोटारीवरचा, तर ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकवरचा. त्यांवर पारदर्शक रोगणाचा थर असे आणि तो वर्षानुवर्षे पिवळा पडत गेला. परिणामी निळी गिटार हिरवट झाली आणि पांढरी सायीच्या रंगाची. अशा वाद्यावर मूळ निळा लावणे म्हणजे जुन्या भिंतीवर नव्या चुन्याचा हात देणे. पिकगार्डखाली झाकलेला भागही नमुना म्हणून घेऊ नये. उजेड न लागल्याने तो तरुणच राहिलेला असतो. नमुना घ्यावा तो टवक्याच्या अगदी कडेचा.

दुसरे कारण प्रकाशाचे. वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून सिद्ध झालेल्या दोन छटा एका दिव्याखाली तंतोतंत सारख्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या पडतात. म्हणून मिश्रण आधी पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळू द्यावे, कारण ओला रंग फसवतो. त्यावर रोगणाचा हात द्यावा आणि तो तुकडा टवक्याशेजारी ठेवून दिवसाच्या सावलीतील उजेडात व घरातील दिव्यांत, दोन्हीकडे पाहावा. सलमाबादच्या गॅरेजांत मोटारीचा रंग सांकेतिक क्रमांकावरून मिसळून मिळू शकतो. गिटारवर बहुधा असा क्रमांक नसतो. तेथे डोळा आणि धीर हीच साधने.

रंग जुळला तरी तो कशावर बसणार, हे आधी ठरवावे लागते. पट्टा अडकवण्याच्या खुंटीखाली कापसाच्या काडीने अॅसिटोनचा एक थेंब लावून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर रोगण नायट्रोसेल्युलोजचे. काहीच झाले नाही तर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचे. आजच्या बहुसंख्य स्वस्त गिटार दुसऱ्या गटातल्या. नेलपॉलिशने काम भागवण्याची युक्ती त्यांच्यावर खपून जाते, कारण त्यातील द्रावक त्या कठीण थराला फारसे बाधत नाहीत. नायट्रोसेल्युलोजवर मात्र तोच ब्रश जपून फिरवावा; खालचा थर विरघळून टवक्याभोवती कडे उमटू शकते.

विरघळणे हा केवळ दोष नव्हे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना परंपरेने चपडा लाखेचे पॉलिश केले जाते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, त्यामुळे दुरुस्तीची शीव पुसली जाते. पॉलिएस्टरमध्ये असे एकजीव होणे नाही. तेथे खड्डा थेंबाथेंबाने भरून, वर किंचित उंचवटा ठेवून, वाळल्यावर तो घासूनच सपाट करावा लागतो. १०००, १५०० आणि २००० क्रमांकाचे वॉटर पेपर क्रमाने वापरून शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणावी. भरणाचा पारदर्शक थर म्हणून फेविक्विकच्या जातीचा गोंदही चालतो. टवक्याभोवती चिकटपट्टी लावली नाही, तर भोवतालचा सुदृढ थरच घासला जातो. घाईत होणारी ही नेहमीची चूक.

बहरीनची हवा यात आणखी अडचण घालते. जून-जुलैचे कोरडे वारे ओसरले की ऑगस्ट-सप्टेंबरात दमटपणा असा वाढतो की, वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरते. नायट्रोसेल्युलोजचे द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प साचते आणि रोगण पांढुरके पडते. गच्चीत किंवा सज्ज्यात हे काम त्या दिवसांत काढूच नये.  मुंबईहून येताना बाटली आणू, हा विचारही सोडावा. ज्वालाग्राही रंग आणि थिनर विमानात, हातातल्या किंवा चेक-इन सामानात, नेता येत नाहीत.

काही टवके भरूच नयेत. धातूचा चुरा असलेल्या चमकदार रंगात कण फवाऱ्याने विशिष्ट रीतीने बसलेले असतात. ब्रशने ते तसे बसत नाहीत आणि ठिपका प्रत्येक कोनातून निराळा दिसतो. जुन्या, मौल्यवान गिटारवर हौशी रंगकाम केल्यास तिची किंमत टवक्यापेक्षा त्या कामानेच अधिक उतरते. अशा वेळी सुटू पाहणारी कड पारदर्शक थेंबाने बसवावी, उघडे लाकूड दमटपणापासून झाकावे आणि रंगाचा नाद सोडावा. टवक्यातून बारीक रेघ लाकडात शिरलेली दिसली, तर मात्र प्रश्न रंगाचा उरत नाही. ते वाद्य तारा सैल करून कारागिराकडे न्यावे.