‘त्यांना सवयच असते’ आणि इतर समजुती: दिव्यांग विद्यार्थ्यांचा ताण आणि तब्येत

बारावीपर्यंत दिव्यांग मुलाभोवती एक कडं असतं. घर, ठरलेला रिक्षावाला, नावानं ओळखणारे शिक्षक, पहिल्या बाकाची कायमची जागा. कॉलेजात पाऊल टाकलं की ते कडं सुटतं. इमारत नवी, वर्ग तासातासाला बदलणारा, शिक्षकांना नाव माहीत नाही, आणि प्रत्येक गोष्ट नव्यानं सांगायची, मागायची, पटवायची.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखल्या, प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची सूट दिली. त्यामुळे दार उघडलं. आत आलेल्या मुलाच्या तब्येतीचं आणि मनाचं काय होतं, याबद्दल मात्र प्राध्यापकांपासून पालकांपर्यंत अनेकांच्या डोक्यात पक्क्या समजुती आहेत. त्यातल्या सात इथे तपासून पाहू.

गैरसमज १: दिव्यांग म्हणजे आजारीच. तब्येत बिघडणारच.

वस्तुस्थिती: अंध मुलगी आजारी नसते. लहानपणी पोलिओ झालेला मुलगा आज ठणठणीत असू शकतो. दिव्यांगांच्या तब्येतीला धोका जास्त असतो हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार नैराश्य, दमा, मधुमेह, पक्षाघात यांचा धोका त्यांना दुप्पट असतो. पण या तफावतीचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे, गरिबी, भेदभाव आणि न पोचणाऱ्या आरोग्यसेवा यांतून तो येतो, असंही तोच अहवाल सांगतो.

कॉलेजात हे कसं घडतं ते पाहा. मणक्याला इजा झालेली, व्हीलचेअर वापरणारी विद्यार्थिनी. तिला लघवीची जाणीव होत नाही, म्हणून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. त्यासाठी खुर्ची आत जाईल एवढं दार, वळायला जागा, धरायला दांडी आणि हात धुवायला पाणी लागतं. कॉलेजात दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप आहे आणि किल्ली असलेला शिपाई जेवायला गेलाय. ही मुलगी काय करते? सकाळचा चहा सोडते. पाण्याची बाटली दप्तरातून बाहेर काढत नाही. महिन्या-दोन महिन्यांत मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, थंडी वाजून ताप येतो, आठवडा घरी जातो. मग हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली येते, डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. कॉलेजच्या दप्तरी नोंद होते, ‘प्रकृतीच्या कारणास्तव गैरहजर’. कुलपाची नोंद कुठेच होत नाही.

गैरसमज २: लहानपणापासून सवय असते. त्यांना ताण जाणवत नाही.

वस्तुस्थिती: सवयीनं धक्का कमी होतो, श्रम कमी होत नाहीत. ताणाच्या वेळी शरीरात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, हृदय जोरात चालतं, रक्तातली साखर वाढते. प्रसंग सरला की सगळं मूळपदावर येतं. पण तसाच प्रसंग दिवसातून दहादा आला, तर शरीराला परतायला उसंतच मिळत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी या साचत जाणाऱ्या भाराचा सखोल अभ्यास केला. झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती, स्मरणशक्ती अशा सगळ्यांवर तो भार उतरतो.

श्रवणयंत्र लावणारा विद्यार्थी घ्या. यंत्र शिक्षकांचा आवाज मोठा करतं, तसाच पंख्याचा आणि बाकं सरकवल्याचाही. म्हणून तो ओठ वाचतो. पण बोलण्यातले जेमतेम एक तृतीयांश ध्वनी ओठांवर वेगळे दिसतात. ‘पाट’, ‘बाट’ आणि ‘माट’ आरशासमोर आवाज न करता म्हणून पाहा, तिन्ही सारखेच दिसतील. उरलेलं तो संदर्भावरून ताडतो, तेही शिक्षक फळ्याकडे वळले नाहीत तर. सलग पाच तास हे केल्यावर संध्याकाळी तो गळून जातो, चिडचिड करतो. घरचे म्हणतात, ‘बसूनच तर होतास दिवसभर!’

प्रकाशाचीही जाणीव नसलेल्या अंध व्यक्तींचा प्रश्न आणखी वेगळा. शरीराचं घड्याळ रोज लावून ठेवण्याचं काम डोळ्यांत शिरणारा प्रकाश करतो. तो नसल्यामुळे अशा निम्म्याहून अधिक लोकांत झोपेची वेळ दिवसेंदिवस पुढे सरकत राहते. सकाळी साडेसातच्या तासाला डुलक्या घेणारा प्रत्येक जण आळशी नसतो.

गैरसमज ३: त्यांचा खरा ताण म्हणजे अपंगत्वाचं दुःख.

वस्तुस्थिती: धडधाकट माणूस ‘माझ्यावर ही वेळ आली तर?’ अशी कल्पना करतो आणि तेच दुःख समोरच्याच्या पदरात घालतो. गॅरी अल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलिगर यांनी १९९९मध्ये अमेरिकेतल्या १५३ दिव्यांगांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं होतं.

म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर आधारलेला २००७चा अभ्यास सांगतो, की नव्यानं आलेल्या गंभीर अपंगत्वानंतर घसरलेलं समाधान बहुतेकांच्या बाबतीत पूर्ववत होत नाही. जन्मापासून अंध असलेली मुलगी आणि दुसऱ्या वर्षाला अपघातात पाय गमावलेला मुलगा यांची गरज एकच धरून चालत नाही. दुसऱ्याला खरोखरच शोकातून जायचं असतं आणि त्यासाठी वेळ व आधार लागतो. पहिलीला मात्र वाचता येईल अशा स्वरूपात नोट्स मिळाल्या, तर निम्मी काळजी मिटते. तिला सहानुभूतीचं व्याख्यान दिलं, तर काळजीत भर पडते.

गैरसमज ४: दिसत नाही, म्हणजे काही झालेलं नाही.

वस्तुस्थिती: २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहेत. यांपैकी काहीही चालण्या-बोलण्यातून लगेच कळत नाही.

सिकलसेल गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात घरोघरी माहीत आहे. तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. पाणी कमी पडणं, थंडी, अतिश्रम, संसर्ग, मानसिक ताण, यातलं काहीही ही कळ उठवू शकतं. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला यातलं बहुतेक सगळं एकदमच येतं: जागरण, गार पाण्याची आंघोळ, पेपरची धास्ती. काल मैदानावर दिसलेला मुलगा आज अंथरुणातून उठू शकत नाही आणि वॉर्डन म्हणतो, ‘पेपर आला की बरा आजार येतो!’ पेपर हे दुखण्याचं निमित्त असू शकतं, हे वॉर्डनचं बरोबरच आहे. चूक आहे ती त्याला बहाणा समजण्यात.

अशा संशयामुळे अनेक जण सांगतच नाहीत. लग्न जमताना अडेल या भीतीनं घरचेही ‘बोलू नकोस’ म्हणतात. न सांगितल्यानं सवलत मिळत नाही आणि लपवण्याचा ताण वेगळा सोसावा लागतो.

गैरसमज ५: जादा वेळ आणि लेखनिक म्हणजे गुणांची खैरात.

वस्तुस्थिती: केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लिहिण्यात अडचण असलेल्या पात्र उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच. उमेदवारानं स्वतः लेखनिक आणला, तर त्याची शैक्षणिक पात्रता उमेदवाराहून एक पायरी कमी असावी, अशी अट त्या सूचनांत होती. तृतीय वर्षाचं अर्थशास्त्र त्या विषयाशी ओळख नसलेल्या मुलाला तोंडी सांगायचं, आलेखाचे अक्ष शब्दांत समजावायचे, आधीचं काय लिहिलं ते डोक्यात धरून पुढचं बोलायचं. हे करून पाहिलेला माणूस खैरात हा शब्द वापरत नाही.

मुळात लेखनिक सापडावा लागतो. इतर मुलं उजळणी करत असतात तेव्हा हा विद्यार्थी फोनवर असतो. कुणाचा स्वतःचाच पेपर त्या दिवशी आहे, कुणाला मराठी लिहिता येतं पण इंग्रजीचा सराव नाही, कुणी आदल्या रात्री ‘जमणार नाही’ कळवतो. अर्जावर शिक्का, दाखल्याची प्रत, ओळखपत्र, परत शिक्का. परीक्षेचा ताण सगळ्यांनाच असतो. याच्या वाट्याला परीक्षेआधीची ही दुसरी परीक्षाही येते.

‘४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तरच सवलत’ ही समजूतही अर्धवट आहे. ४० टक्के ही अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. रास्त सोयीसुविधा मिळण्यासाठी ती लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१मध्ये लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्यानंतर २०२२मध्ये ४० टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठीही सूचना निघाल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाबाबत न्यायालयानं म्हटलं, की दाखल्यावरच्या नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला प्रत्यक्षात झेपेल का, हे तपासावं लागेल.

गैरसमज ६: त्यांनी जपून राहावं. व्यायाम, खेळ त्यांच्यासाठी नाहीत.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांग प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला आहे, म्हणजे इतरांइतकाच. व्यायामानं झोप सुधारते, ताण उतरतो. फक्त तो शरीर ओळखून करायला हवा. व्हीलचेअर हातानं ढकलणाऱ्यांचे खांदे आधीच झिजत असतात. सतत बसून राहिल्यानं होणाऱ्या जखमा टाळायला अधूनमधून अंग उचलून भार हलका करावा लागतो. मणक्याला वरच्या भागात इजा असेल, तर इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि शरीर थंड राहत नाही. हे व्यायामापुरतंच नाही. नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या हॉलमध्ये चार तास पेपर लिहिणं अशा विद्यार्थ्यासाठी गैरसोयीच्या पलीकडचं, धोक्याचं असतं.

गैरसमज ७: जिद्द असली की सगळं जमतं. फार तर एक समुपदेशक नेमू.

वस्तुस्थिती: मुरलीकांत पेटकर यांनी १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. त्याचा अभिमान हवाच. पण त्यावरून कुबड्या घेतलेल्या मुलीनं तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा रोज जिन्यानं गाठावी, असा निष्कर्ष निघत नाही. जिद्दीच्या गोष्टी ऐकवल्या की मदत मागणं म्हणजे कमीपणा वाटू लागतो.

रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४च्या पुस्तकात ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले. एक, ताणाचं कारण दूर करणं. दुसरा, कारण हटत नसेल तर मनाला सावरणं. समुपदेशक दुसऱ्या मार्गाला मदत करतो आणि तो लागतोच. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. मानसिक आधारासाठीची ‘टेलिमानस’ ही मोफत फोन सेवा (१४४१६) मराठीतही बोलते. पण समुपदेशकाची खोली जिना चढून असेल, तर ती कुणासाठी? आणि साध्या फोनवरचं बोलणं कर्णबधिर मुलाच्या उपयोगाचं नाही. त्याला सांकेतिक भाषा येणारा किंवा लिहून संवाद साधणारा माणूस हवा.

शिवाय हटवता येणारं कारण तसंच ठेवून विद्यार्थ्याला श्वसनाचे व्यायाम शिकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जुळवून घेण्याचं काम तो पहिल्या दिवसापासून करतोच आहे: पाणी कमी पिऊन, ओठ वाचून, दुखणं लपवून, लेखनिक शोधून. संस्थेनं आपल्या बाजूनं किती जुळवून घेतलं, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२मध्ये सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना संस्था सहज वापरता यावी यासाठीची, मानकं प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं.

यातल्या बऱ्याच गोष्टींना निधी मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. दिव्यांग विद्यार्थी ज्या वर्गात आहे, त्या वर्गाचे तास तळमजल्यावर लावता येतात. स्वच्छतागृहाचं कुलूप आजच काढता येतं. शिक्षकांना वर्गाकडे तोंड करून बोलता येतं, नोट्स आदल्या दिवशी पाठवता येतात. लेखनिकांची यादी परीक्षा विभागाला सत्राच्या सुरुवातीलाच तयार ठेवता येते, म्हणजे आदल्या रात्रीची फोनाफोनी टळते. आणि प्रवेश झाल्याच्या आठवड्यात प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याला एकांतात बसवून ‘तुला काय लागेल?’ एवढं विचारता येतं. तो जे सांगेल त्याची नोंद ठेवावी आणि सत्र संपताना त्यातलं किती झालं, ते त्याच्यासमोरच तपासावं.