परत जाणारी माणसं

एकमेकांना छेदणारी चार वर्तुळं. मला काय आवडतं, मला काय जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतील. चारही जिथे एकमेकांवर येतात तो मधला इवलासा तुकडा म्हणजे ‘इकिगाई’. हे चित्र फॅमिली ग्रुपवर आलं नाही असा मराठी माणूस आता विरळा. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात ते असतं, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये असतं, आणि सोबत ‘प्राचीन जपानी तत्त्वज्ञान’ अशी पाटीही असते. ते प्राचीन नाही आणि जपानीही नाही. मूळ आकृती स्पेनमधल्या आंद्रेस सुसुनागा यांची, आयुष्याचं प्रयोजन कसं ओळखावं याविषयीची. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या एका उद्योजकानं ती उचलली, मधला शब्द खोडला आणि तिथे ‘इकिगाई’ लिहिलं. बाकीचं काम फॉरवर्ड करणाऱ्यांनी केलं.

जपानी माणूस हा शब्द वापरतो तेव्हा त्यात पगाराचं वर्तुळ असावंच लागतं असं नाही. नातवंडं, परसबाग, गल्लीतली मित्रमंडळी, रोजचं काम, सगळं त्यात बसतं. त्यामुळे तिथल्या संशोधकांना आकृत्या काढाव्या लागल्या नाहीत. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या लोकांच्या आरोग्याची मोठी पाहणी झाली, तिच्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता: तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? उत्तरं तीनच. आहे, सांगता येत नाही, नाही. ४३,३९१ जणांपैकी ५९ टक्के ‘आहे’ म्हणाले, ४.६ टक्के सरळ ‘नाही’ म्हणाले आणि उरलेले मध्येच अडकले. पुढच्या सात वर्षांत या गटातले ३,०४८ जण वारले. वय, धूम्रपान, आधीचे आजार, शिक्षण, नोकरी या सगळ्याचा हिशेब वजा करूनही ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिकागोच्या रश विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बॉइल यांचा अभ्यास याहून बारीक आहे. ९०० हून अधिक वृद्धांवर त्यांच्या गटानं कमाल सात वर्षं नजर ठेवली. आयुष्याला काही हेतू आहे असं ज्यांना ठामपणे वाटत होतं, त्यांची अल्झायमरपासून दूर राहण्याची शक्यता दुसऱ्या टोकाच्या माणसांपेक्षा २.४ पट होती. मृत्यूनंतर ज्यांच्या मेंदूची तपासणी झाली त्यांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट दिसली. मेंदूत रोगाच्या खुणा तेवढ्याच असूनही हेतू असलेल्या माणसांची बुद्धी जास्त काळ शाबूत राहिली होती.

इथे हात आखडता घेणं बरं. या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. धडधाकट माणसालाच हेतू बाळगणं परवडतं आणि अंथरुणाला खिळलेल्याला तो सुचत नाही, असा उलटा अर्थही यातून काढता येईल. संशोधकांना ही अडचण ठाऊक आहे आणि ते आधीच्या आजारांचा हिशेब त्यासाठीच वजा करतात, पण शंका पुरती फिटत नाही. पटण्यासारखं एक कारण मात्र अगदी घरगुती आहे. एरिक किम आणि सहकाऱ्यांनी ५० वर्षांवरच्या सात हजारांहून अधिक अमेरिकनांची माहिती तपासली, तेव्हा हेतू असलेली माणसं कोलेस्टेरॉलच्या, कर्करोगाच्या तपासण्या जास्त नियमित करून घेत होती आणि रुग्णालयात कमी रात्री काढत होती. ज्याला उद्या काही करायचं आहे, तो आजच्या रक्तदाबाकडे लक्ष देतो.

ही झाली हेतू असण्याची गोष्ट. पण तो मिळतो कसा?

या प्रश्नाचा ज्यांनी मुळातून विचार केला त्यांत मिएको कामिया या जपानी मनोविकारतज्ज्ञ बाई फार वरच्या. जन्म १९१४ चा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या धर्मप्रवचन देणाऱ्या मामांबरोबर टोकियोजवळच्या एका कुष्ठरोग वसाहतीत गेल्या. काम एवढंच की, प्रार्थनेला ऑर्गन वाजवायचा. तिथे पाहिलेल्या चेहऱ्यांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. डॉक्टर व्हायचं आणि इथेच यायचं, असं त्यांनी ठरवलं. घरच्यांचा विरोध झाला. मग क्षय झाला, मग युद्ध आलं, लग्न झालं, मुलं झाली. वैद्यकीचं शिक्षण झालं, विद्यार्थिदशेत त्या नागाशिमा बेटावरच्या वसाहतीत काही दिवस राहूनही आल्या. पण मनोविकारतज्ज्ञ म्हणून तिथे काम सुरू व्हायला १९५७ साल उजाडलं. पहिल्या भेटीनंतर वीस वर्षांहून अधिक काळ गेला होता.

नागाशिमा मुख्य भूमीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण पूल झाला १९८८ मध्ये. कुष्ठरोगावर औषध निघाल्यावरही जपानचा सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत चालू होता. म्हणजे कामियांपुढचे रुग्ण बरे झालेले असोत वा नसोत, बाहेर पडण्याची आशा त्यांना जवळजवळ नव्हती. कामियांनी त्यांना प्रश्नावल्या दिल्या, त्या त्यांच्याशी बोलल्या. कित्येकांनी लिहिलं की, दिवस रिकामे आहेत, कशालाच अर्थ नाही. पण त्याच खोल्यांत, तेच जेवण जेवणारे, तितकेच किंवा जास्त विद्रूप झालेले काहीजण विलक्षण भरलेलं आयुष्य जगत होते. हा फरक कुठून येतो, या एकाच प्रश्नापायी त्यांनी १९६६ मध्ये इकिगाईवरचं पुस्तक लिहिलं. जपानमध्ये ते आजही वाचलं जातं. त्यात वर्तुळं नाहीत.

त्या बेटावर अंध रुग्णांचा हार्मोनिका वाजवणारा संच होता. १९५३ मध्ये सुरू झालेला. दृष्टी गेली म्हणून स्वरलिपी ब्रेलमध्ये वाचायची, तर कुष्ठरोगानं बोटांची संवेदनाही गेलेली. मग त्यांच्यापैकी काहीजण ब्रेलचे ठिपके ओठांनी आणि जिभेच्या टोकानं वाचायला शिकले. सुरुवातीला कागदाला घासून जीभ सोलवटायची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि याचे पैसेही मिळणार नव्हते.

कामियांच्याच जन्मवर्षी, १९१४ मध्ये, आपल्याकडे मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, जन्मले. बाबांची तुळशीरामची हकीकत मराठी घरांत इतकी सांगितली गेली आहे की, तिच्यातला अवघड भाग गुळगुळीत झाला आहे. वरोऱ्याचे वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष, सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून स्वतः मैला वाहणारे बाबा. आगगाडीत गोऱ्या सोजिरांना अडवलं म्हणून गांधीजींनी ‘अभय साधक’ म्हटलेले. अशा माणसाला गटारीच्या कडेला, पावसात, हातापायांची बोटं झडलेला, अंगात किडे पडलेला तुळशीराम दिसला, आणि अभय साधक घाबरून पळाला. आपण सांगताना इथून थेट आनंदवनावर उडी मारतो. खरी गोष्ट मधल्या काळात आहे. बाबा परत गेले, तुळशीरामला आडोसा केला, खाऊ घातलं. तो वाचला नाही. त्यानंतर बाबा स्वतःच्या भीतीशी कित्येक महिने झगडत राहिले. वरोऱ्याच्या कुष्ठरुग्णांत काम करू लागले, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन या रोगाचं शिक्षण घेतलं. मग सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये असा आनंदवनाचा मुक्काम पडला.

टॉड कॅशडन आणि पॅट्रिक मॅक्नाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हेतूच्या उगमाचे तीन मार्ग मांडले. कुणी हळूहळू, चाचपडत, स्वतःहून शोधत पोचतो. कुणावर एखादा प्रसंग आदळतो आणि आयुष्य वळतं. कुणी दुसऱ्याला करताना बघून शिकतो. बाबा दुसऱ्या मार्गाचे आणि त्यांचा मुलगा डॉ. प्रकाश आमटे तिसऱ्या, अशी वाटणी झटकन करता येईल. १९७३ मध्ये आदिवासींत काम करायला हेमलकशाला गेलेल्या या मुलानं लहानपणापासून काय पाहिलं होतं हे उघडच आहे. पण मला ही वाटणी अपुरी वाटते. प्रसंग तर सगळ्यांवर आदळतात. वरोऱ्याच्या त्या रस्त्यानं त्या दिवशी इतरही माणसं गेली असतील. कामियांबरोबर त्या वसाहतीत मामाही होते. फरक पडतो तो परत जाण्यानं. पहिली भेट योगायोगाची असते. दुसरी, दहावी, शंभरावी भेट माणूस स्वतः घडवतो, आणि हेतू म्हणतात तो बहुतेक त्या फेऱ्यांमध्ये कधीतरी तयार होतो.

याला प्रयोगशाळेतला आधारही आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक सोपा, गमतीदार व्हिडिओ दाखवला. बहुतेक सगळे भारावले. मग त्याच विषयावरचा एक किचकट शास्त्रीय लेख वाचायला दिला. ‘आवड ही माणसाच्या आत आधीच असते, ती फक्त सापडावी लागते’ असं मानणाऱ्यांचा उत्साह इथे जास्त जोरात ओसरला. आवड हळूहळू वाढते असं मानणारे तुलनेनं टिकले. यातली अडचण लगेच कळते. जे आपलं असेल ते सोपं जाईल अशी समजूत असली की, पहिली ठेच लागताच माणूस म्हणतो, हे आपलं नव्हेच, आणि पुढच्या वर्तुळाकडे वळतो. दहावीच्या सुट्टीत कलचाचणीचा कागद हातात घेऊन बसलेल्या घरांमध्ये हे चांगलंच ओळखीचं असेल.

स्टॅनफर्डचे विल्यम डेमन यांनी अमेरिकन किशोरवयीन मुलं आणि तरुण तपासले तेव्हा स्वतःपलीकडच्या कशाशी तरी जोडलेला स्पष्ट हेतू साधारण पाचांतल्या एकालाच होता. बाकीच्यांना ओढून आणायचा काही उपाय आहे का? त्यांच्याच परंपरेतल्या मॅथ्यू बंडिक यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांशी पाऊण तास फक्त गप्पा मारल्या: तुला काय महत्त्वाचं वाटतं, का वाटतं, त्यासाठी काय करतोस. नऊ महिन्यांनंतरही अशा मुलांची ध्येयाची जाणीव आणि आयुष्याबद्दलचं समाधान इतरांपेक्षा चांगलं होतं. आपल्या घरात ‘पुढे काय करणार?’ हे रोज विचारलं जातं. ‘का?’ क्वचितच.

हेतू म्हटलं की आनंदवनच हवं, असं मात्र नाही. एमी झेस्न्येव्स्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या सफाई कामगारांशी बोलून एक नोंद केली, ती आता या विषयात सगळीकडे सांगितली जाते. काम एकच, पगार एकच, वरिष्ठांनी दिलेली यादी एकच. काहीजण ती यादी संपवून घरी जात. काहीजण मात्र स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक समजत. कोमातल्या रुग्णांच्या विभागात झाडलोट करणारी एक बाई अधूनमधून भिंतींवरची चित्रं इकडची तिकडे लावायची. हे तुमच्या कामात आहे का, असं विचारल्यावर तिनं सांगितलं की, हे माझ्या कामाचा भाग नाही, पण माझा भाग आहे. रुग्णांना वेगळं काही दिसलं तर कदाचित फरक पडेल, असा तिचा विचार.

याची काळी बाजू अशा लेखांत बहुधा गाळली जाते. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्प्सन यांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. पगार तुटपुंजा, काम शेण काढण्याचं आणि चारा घालण्याचं. तरी कित्येकांना वाटे की आपण यासाठीच जन्मलो. त्यांच्या आयुष्याला अर्थ होता, आणि नेमकं म्हणूनच ते कमी पैसे, जास्त तास आणि गेलेल्या सुट्ट्या निमूट सोसत होते. आपल्याकडच्या आरोग्यसेवेतल्या आशाताई कागदोपत्री आजही स्वयंसेविकाच आहेत आणि त्यांना मिळतं ते मानधन. सेवाभाव हा शब्द पगाराच्या तक्त्यात शिरला की समजावं, कुणाच्या तरी हेतूवर कुणीतरी पैसे वाचवतंय.

वयाचा मुद्दा उरतो. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झालेले डॉ. दिलीप जेस्ते यांच्या गटानं सॅन दिएगोतल्या १,०४२ प्रौढांना आयुष्यात अर्थ असण्याबद्दल आणि तो शोधण्याबद्दल वेगवेगळं विचारलं. ‘आहे’ ही भावना साठीच्या आसपास सर्वांत वर होती आणि शोध सर्वांत कमी. साठीनंतर आलेख उलटतो. नोकरी संपते, मुलं दूर जातात, जोडीदार आणि मित्र गळू लागतात, आणि सत्तरीतला माणूस पुन्हा विशीतल्यासारखा शोधू लागतो.

वृद्धांच्या डॉक्टर लिंडा फ्राइड यांनी यावर जॉन्स हॉपकिन्समध्ये खरा प्रयोग उभा केला. बाल्टिमोरमधल्या वृद्धांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटानं आठवड्याला १५ तास गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळांत जाऊन मुलांना वाचायला शिकवायचं, ग्रंथालय सांभाळायचं. दुसऱ्या गटानं नेहमीसारखं राहायचं. १११ जणांच्या मेंदूची चित्रं दोन वर्षं घेतली गेली. स्मरणशक्ती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस वयानुसार आक्रसतो, तसा दुसऱ्या गटात आक्रसला. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये तो ०.७ ते १.६ टक्क्यांनी वाढला. स्त्रियांमध्येही कल त्याच दिशेचा होता, पण तितका ठळक नव्हता. यात चालण्याचा वाटा किती, गप्पांचा किती आणि कुणीतरी आपली वाट बघतंय या भावनेचा किती, हे त्या चित्रांतून वेगळं काढता येत नाही. फ्राइड यांची आखणी मात्र हुशार होती: ‘तब्येतीसाठी या’ अशी हाक द्यायची नाही, ‘मुलांना तुमची गरज आहे’ अशी द्यायची.

आपल्याकडे निवृत्त झालेले काका आणि चौथीत असून वाचता न येणारं मूल बहुतेक वेळा एकाच गल्लीत राहतात. हा प्रयोग इथे करायला स्कॅनिंगचं यंत्र लागणार नाही. मुख्याध्यापकांची परवानगी लागेल, आणि पुढच्या सोमवारी परत जावं लागेल.