मेढींच्या गोठ्यास दार बसविताना

बैलजोडीपुरता लहान गोठा उभारताना मेढी, आढे, वासे आणि छप्पर यांकडे शेतकरी पुष्कळ लक्ष पुरवितो. दाराचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. कूड किंवा पत्रे ठोकून झाल्यावर सोयीच्या जागी वाट पाडावयाची आणि तीत फळ्यांचे दार अडकवावयाचे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. असे दार पहिल्याच पावसाळ्यात जमिनीस घासू लागते, पुढे त्याचा खांब कलतो आणि अखेरीस त्या बाजूची सारी भिंत ढिली होते. हा दोष सुताराच्या हाताचा नसून जागेच्या निवडीचा व कामाच्या क्रमाचा असतो.

भिंत दुबळी का होते?

मेढींच्या बांधणीत छपराचे ओझे भिंत घेत नाही. ते मेढींवाटे जमिनीत उतरते. मेढींवर बाहेरून ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांची कामे दोन : मेढी एकमेकींशी बांधून ठेवणे आणि पत्र्यावर पडणारा वाऱ्याचा दाब मेढींपर्यंत पोचविणे. दारासाठी पट्टी कापली की त्या जागी ही दोन्ही कामे थांबतात. कापलेल्या प्रत्येक टोकास नवा आधार मिळवून देणे, हेच दाराच्या चौकटीचे खरे प्रयोजन होय.

जागेची निवड

दारासाठी मेढ कधीही कापू किंवा काढू नये. 10 फूट रुंद व 15 फूट लांब गोठ्यात लांबीच्या बाजूस 3 मेढी घेतल्यास दोन मेढींमध्ये सुमारे साडेसात फूट अंतर राहते. त्यात 4 फुटांचे दार सहज बसते. दार मधोमध न घेता एका मेढीस लागून घ्यावे. म्हणजे एकच नवा खांब पुरावा लागतो. बिजागऱ्या मूळ मेढीवर बसवाव्यात व नव्या खांबावर कडी-कोयंडा घ्यावा. दाराच्या वजनाने बिजागरीचा खांब सतत ओढला जातो. मूळ मेढ वरच्या बाजूस छपराशी बांधलेली असल्याने ती हा ओढा सोसते. नुसता जमिनीत पुरलेला खांब लवकर कलतो. पावसाळी वाऱ्याचा मारा बहुधा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येत असल्याने दार शक्यतो पूर्वेस ठेवावे.

खांब पुरणे

नवा खांब मूळ मेढीइतकाच खोल, निदान 3 फूट पुरावा. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याबरोबर उथळ खांबही हलतो आणि पावसाळ्यात बंद होणारे दार उन्हाळ्यात फटी दाखविते. म्हणून मुरूम लागत असेल तर खड्डा तेथपर्यंत न्यावा. भरावासाठी काळी माती न वापरता मुरूम व दगडाच्या चिपा वापराव्यात आणि अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर देऊन चोपावे. लाकूड गाभ्याचे असावे. खांबाचा पुरावयाचा भाग व जमिनीवरील एक फूट भाग, तसेच खालचे कापलेले टोक, डांबराने नीट माखावे; कारण वाळवी व ओल यांचा उपद्रव तेथेच सुरू होतो.

कामाचा क्रम

आडव्या पट्ट्या प्रथम अखंड ठेवाव्यात. खांब त्यांच्या आतील बाजूने उभा करून ओळंब्यात घ्यावा. खड्डा चोपून झाल्यावर प्रत्येक पट्टी त्यावर पक्की ठोकावी. नंतर सुमारे साडेसहा फूट उंचीवर गणेशपट्टी बसवावी. मेढीस व खांबास उथळ खाच घेऊन तिची टोके खाचेत टेकवावीत. केवळ खिळ्यांवर तिचा भार सोडू नये.

यानंतर चौकट काटकोनात आहे की नाही ते पाहावे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही खांबांवर तळाशी एकाच पातळीच्या खुणा कराव्यात. तेथून समोरच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंतची दोन्ही तिरपी अंतरे दोरीने मोजावीत. ती सारखी भरली तर चौकट बरोबर आहे असे समजावे. त्यानंतरच दाराच्या वाटेत येणाऱ्या पट्ट्या कापाव्यात. पत्र्याच्या कापलेल्या धारेवर लाकडी पट्टी ठोकावी, म्हणजे जनावरांच्या अंगास इजा होणार नाही.

दाराची फळी

4 फुटांच्या वाटेस दार एक इंच अरुंद करावे. पावसात लाकूड फुगण्यास तेवढी जागा लागते. जमिनीपासून ते दीड-दोन इंच वर राहावे. दारावरील तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपाशी सुरू होऊन वर कडीच्या बाजूस गेली पाहिजे. अशी पट्टी दाराचे वजन खालच्या बिजागरीवर टेकवून धरते. ती उलट बसविल्यास सारा ताण खिळ्यांवर येतो व दार खाली झुकते. बिजागऱ्या तीन घ्याव्यात व त्या आरपार बोल्टांनी आवळाव्यात.

वारा आणि आग

वळवाच्या वादळात सताड उघडलेल्या दारातून वारा आत कोंडतो आणि छप्पर आतून वर ढकलतो. त्याच वेळी बाहेरचा वारा ते वर ओढीत असतो. पत्रे उडण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून दारास मजबूत अडसर असावा. मात्र दार नेहमी बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. कडब्यास आग लागली म्हणजे घाबरलेली जनावरे दाराशी दाटी करतात. आत उघडणारे दार त्या रेट्याने उघडतच नाही. अडसर बाहेरून एका हाताने निघेल असा असावा आणि दारासमोर गाडी, कडबा किंवा जळण रचू नये.

एक खांब, एक गणेशपट्टी आणि थोडा मुरूम एवढाच हा अधिक खर्च आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवा गोठा उभा राहत असताना, पत्रे ठोकण्यापूर्वीच, या गोष्टी शेतकऱ्यांच्या नजरेस आणून द्याव्यात. पुढे भिंत उचकटून दुरुस्ती करण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडेल. आणि एखाद्या रात्री त्या दारावरच बैलजोडीचा जीव अवलंबून राहील.